दहाबोट्यांची चावी

हजेरीपटावर त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त हजेरी घेणाऱ्याला ठाऊक. बाकी अख्खा कारखाना त्यांना दहाबोटे म्हणायचा. एकतीस वर्षं प्रेस ब्रेकवर उभं राहून ज्याची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत, असा माणूस तिथं दुसरा नव्हता. वेल्डिंगच्या मिस्त्रीचा अंगठा अर्धा, स्टोअरवाल्याच्या करंगळीला नख नाही. जुना फोरमन निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणानंतर स्वतःच टाळ्या वाजवायला लागला, तर टाळी नीट वाजेचना. हसू नये, पण लोक हसले. फोरमनही हसला बिचारा.

प्रेस ब्रेक म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन. वर एक लांबलचक पोलादी धार असते, तिला पंच म्हणायचं. खाली तिच्याच मापाची खाच, ती डाय. मध्ये पत्रा सरकवायचा, पायाखालचं पायडल दाबायचं, की पंच खाली येतो आणि पत्रा निमूटपणे काटकोनात वाकतो. या मशीनचा खरा दुष्टपणा असा, की ते अंगावर धावून येत नाही. सावकाश, अदबीनं खाली उतरतं. नवख्याला वाटतं, येऊ दे की, हात काढून घेऊ तेवढ्यात. एवढ्या भरवशावर किती जणांची बोटं गेली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

दहाबोटे मात्र मशीनला कधी भुलले नाहीत. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, बाहीचं बटण लावलेलं. "हात आत तर पाय बाहेर," हे त्यांचं पालुपद. हात पंचाखाली जाणार असेल तर पाय पायडलवरून उचलून मागं ठेवायचा, नुसता सैल सोडायचा नाही. शिकायला येणाऱ्याच्या हातांकडे ते बघायचेच नाहीत, पायांकडे बघायचे. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातानं शहाणपणा दाखवतो, पाय मात्र खरे बोलतात असं त्यांचं मत होतं.

मुलीसाठी नवराही त्यांनी असाच निवडला. शेजारच्या मशीनवर एक शांत पोरगा लागला होता. वर्षभर दहाबोट्यांनी त्याच्या पायांवर पाळत ठेवली. एकदाही पाय विसरला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी ते त्याच्या घरी जाऊन बसले आणि सरळ विषयालाच हात घातला. पुढं मुलगी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, आणि येईल जाईल त्याला सांगायची, "माझ्या बाबांनी जावयाचं तोंड लग्नातच पहिल्यांदा नीट बघितलं." जावई ओशाळून हसायचा. सासऱ्याला तो मामा म्हणायचा, आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचा नाही.

दहाबोट्यांचा दुसरा अभिमान म्हणजे लाकडी बोटं. छोटे तुकडे वाकवताना ते धरायला पंचापाशी बोटं न्यावी लागतात. तिथं बोट न्यायचंच नाही, लाकूड न्यायचं. माल ज्या पेट्यांतून यायचा त्यांचं मऊ पांढरं लाकूड ते घरी न्यायचे. संध्याकाळी दारात बसून चाकूनं तासायचे. वीतभर लांबी, टोकाला पत्रा अडकेल अशी खोबण. कारखान्यात ज्याच्या त्याच्या खिशात त्यांनी केलेलं एकेक बोट असे. "काका, एक बोट द्या," म्हणत लोक यायचे आणि काका खुशीत द्यायचे.

कधीतरी अंदाज चुकायचा आणि पंच ते लाकूड चावायचा. असं चिरडलेलं बोट दहाबोटे टाकून देत नसत. त्यावर तारीख घालून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. एकतीस वर्षांत त्रेचाळीस बोटं जमली होती. घरी पाहुणे आले की डबा निघायचा. "हे माझं गेलं असतं," एकेक उचलून ते दाखवायचे, "आणि हेही माझंच गेलं असतं." बायको आतून म्हणायची, "आता पुरे, लोकांना जेवायचंय."

मग कारखान्यात नवं मशीन आलं, आणि त्याच्याबरोबर पडदा आला.

पडदा हे कामगारांनी ठेवलेलं नाव. मशीनच्या दोन बाजूंना दोन उभे खांब होते आणि त्यांच्यामधून डोळ्यांना न दिसणारे किरण जात. किरणांत काहीही आलं की पंच आहे तिथंच थांबणार. सुरक्षेचं काम बघणाऱ्या मॅडम, वयानं दहाबोट्यांच्या मुलीएवढ्या, त्यांनी सगळ्यांना गोळा करून प्रात्यक्षिक दाखवलं. हातभर लांबीची एक काळी काठी त्यांनी खाली येणाऱ्या पंचासमोर घातली. पंच थबकला.

"ही काठी इथं मशीनलाच टांगलेली राहील," मॅडम म्हणाल्या. "मशीन ज्याच्या ताब्यात येईल त्यानं आधी काठी घालून बघायचं. पंच थांबला तर काम सुरू करायचं, नाही थांबला तर मला बोलवायचं. आपल्या आधी मशीनवर कोण होतं, हे बघायचं नाही."

पहिल्याच आठवड्यात जावयानं दहाबोट्यांकडून मशीन घेतलं आणि सांगितल्याप्रमाणे काठी उचलली. दहाबोट्यांचं डोकं सणकलं. "माझ्यामागून तपासतोस? एकतीस वर्षं इथं काय गवत उपटत होतो का मी?"

आजूबाजूचे खो खो हसले. जावयाचे कान लाल झाले. "चुकलं, मामा," म्हणून त्यानं काठी होती तिथं टांगली. पुन्हा त्यानं सासऱ्यामागून काठी घातली नाही. त्याच्यासारख्या माणसाला एकदा सांगितलेलं पुरतं, आणि घात नेमका तिथंच झाला.

पडद्याशी दहाबोट्यांचं पटेना. काडेपेटीएवढ्या क्लिपांचं काम आलं. तुकडा धरायला लाकडी बोट पुढं केलं, की पडद्याला तो हातच वाटायचा आणि मशीन थांबायचं. दहा वेळा थांबलं, दहा वेळा चालू केलं. "याला लाकूड आणि बोट यातला फरक कळत नाही," ते चिडून म्हणाले. "आंधळं आहे हे."

मॅडमनी येऊन बघितलं. "डायपुढं बसवायची एक छोटी फळी मागवते. तुकडा तिच्यावर टेकून राहील, धरायलाच नको. फळी येईपर्यंत क्लिपा जुन्या मशीनवर करा."

जुनं मशीन कोपऱ्यात होतं, चांगलं चालतही होतं. पण नव्या मशीनवर बाकीच्यांनी उभं राहायचं आणि दहाबोट्यांनी कोपऱ्यात जायचं, हे त्यांच्या मनाला लागलं. ते सुपरवायझरकडे जाऊन बसले. सुपरवायझरला काम हवं होतं, कटकट नको होती. त्यानं ड्रॉवरमधून एक चपटी चावी काढली. पडदा बंद-चालू करायची ती चावी. नियमानं ती मॅडमशिवाय कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

"तुमच्याकडे म्हणून देतोय, काका. क्लिपा झाल्या की पडदा चालू करत जा. दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नसती."

या वाक्यानं दहाबोटे फुगले, हे खोटं कशाला बोला.

चावी डावीकडे फिरवली की पडदा बंद व्हायचा आणि मशीनवर एक पिवळा दिवा लागायचा. उजवीकडे फिरवली की पडदा चालू, दिवा बंद. चावी कुठल्याही बाजूला फिरवलेली असली तरी निघायची. मॅडम आठवड्यातून दोनदाच यायच्या, त्या दिवशी दहाबोटे क्लिपा काढतच नसत. बाकी दिवस सकाळी क्लिपा, पिवळा दिवा. दुपारी मोठं काम, दिवा बंद. फळी पंधरा दिवसांत यायची होती, तिला दोन महिने झाले तरी पत्ता नव्हता. सुरुवातीला दिवा लागला की माना वळायच्या. नंतर तो पंख्यासारखा, भिंतीवरल्या कॅलेंडरसारखा, असून नसल्यासारखा झाला. दहाबोट्यांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता, की चावी माझ्या खिशात आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

त्या दिवशी शेवटची क्लिप वाकवली आणि जेवणाचा भोंगा झाला. दहाबोट्यांनी लाकडी बोट खिशात घातलं, चावी उपसली, तीही खिशात घातली आणि हात धुवायला गेले. रोज ते चावी आधी उजवीकडे फिरवत आणि मग काढत. त्या दिवशी नुसती काढली. एवढंच झालं. कुणी हाक मारली नव्हती, घाई नव्हती, मनात काही काळजीही नव्हती. पुढं कितीतरी दिवस ते आपल्या मनाला विचारत राहिले की तेव्हा आपण कसल्या विचारात होतो, आणि उत्तर येई की कसल्याच नाही.

जेवणानंतर त्यांना पत्रा कापायच्या विभागात पाठवलं आणि मशीन जावयाकडे आलं. मामांच्या हातचं मशीन, काठी कशाला घालायची? तासभर काम सुरळीत झालं. मग एक पत्रा आत तिरका बसला. तो सरळ करायला जावयानं हात घातला. वर्षानुवर्षं न चुकलेला पाय त्या एका वेळी पायडलवरच राहिला. पडदा आल्यापासून सगळ्यांचेच पाय थोडे आळशी झाले होते, कारण हात आत असला तर पंच थांबणारच होता.

कारखान्यात आवाजाचं कुणाला काही वाटत नाही, आवाज थांबला की लोक बघतात. दहाबोट्यांनी मान वर केली तेव्हा पलीकडची दोन मशीनं थांबली होती आणि माणसं धावत होती. तेही धावले. जावई जमिनीवर बसला होता, उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरून, चेहरा राखेसारखा. ओरडत नव्हता. दहाबोट्यांनी स्वतःच्या शर्टाची बाही फाडून तो हात बांधला. बांधताना त्यांना कळलं की अंगठा आहे, करंगळी आहे, आणि मधलं काही नाही. मग त्यांनी वर बघितलं. मशीनवर पिवळा दिवा लागला होता.

शर्टाचा खिसा त्यांनी चाचपला. चावी तिथंच होती.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुपरवायझरनं त्यांना बाजूला घेतलं. "उद्या मॅडम चौकशी करणार. पडदा बंद आहे, चावी गायब, एवढं त्यांनी बघितलंय. आज दुपारी चावी कुणाच्या खिशात होती हे आपल्या दोघांनाच माहीत आहे, काका." त्यानं आवाज खाली आणला. "जावयानं माझ्या ड्रॉवरमधून परस्पर काढून घेतली होती म्हणा. तो आता मशीनवर उभा राहायचा नाहीच. तुमची दोन वर्षं राहिलीत, माझी बावीस. घरातली गोष्ट घरात राहील."

दहाबोटे हो म्हणाले नाहीत आणि त्याच्या थोबाडीतही मारली नाही. आत गेले.

जावई उशीला टेकून बसला होता. हाताचं भलंमोठं पांढरं बोचकं झालेलं. सासऱ्याला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"मामा, काठी घातली नाही मी," तो म्हणाला. "पायही काढला नाही. इतकं शिकवलंत तुम्ही. माझीच चूक."

पलंगाच्या कडेला मुलगी बसली होती. दुपारपासून दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "चूक म्हणजे काय? माझ्या बाबांची एकतीस वर्षांत दहाच्या दहा बोटं आहेत! ते घसा कोरडा करून सांगत होते ना, हात आत तर पाय बाहेर? लक्ष कुठं होतं तुमचं? आता मी काय करू, सांगा ना, काय करू?" आणि ती नवऱ्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तो डाव्या हातानं तिला थोपटत राहिला. "चुकलं," म्हणत राहिला. हेच तो मागं काठी टांगतानाही म्हणाला होता.

दहाबोटे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण मुलीनं रडता रडता त्यांचा हात पकडला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, आणि त्यांनीही तिचा घट्ट धरला. तो हात सुटू नये एवढंच त्यांना त्या क्षणी वाटत होतं.

सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी फडताळातून बिस्किटांचा डबा काढला आणि चादरीवर उपडा केला. त्रेचाळीस बोटं. आजवर त्यांना वाटायचं, ही आपली वाचलेली बोटं. आज पहिल्यांदा त्यांनी ती दुसऱ्या बाजूनं मोजली. त्रेचाळीस वेळा आपला अंदाज चुकला होता. त्रेचाळीस वेळा पंच आपल्याला वाटलं त्याच्या आधी खाली आला होता, आणि आपण दर वेळी त्यावर तारीख घालून पाहुण्यांना दाखवत बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं नाही, तरी त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती आत येऊन चादरीपाशी बसली. मग म्हणाली, "आधी तिला सांगा."

"आधी तिथं सांगतो," ते म्हणाले. "नाहीतर पोराच्या नावावर लागेल."

चौकशीला ऑफिसात तिघंच होते. मॅडमनी वही उघडली आणि काही विचारायच्या आत दहाबोट्यांनी चावी टेबलावर ठेवली. सुपरवायझर चावीकडे बघेना, खिडकीकडे बघायला लागला.

"माझ्या खिशात होती," दहाबोटे म्हणाले. "दोन महिने. पडदा मी बंद ठेवला आणि तसाच सोडून गेलो. चावी जावयाच्या हातात कधीच नव्हती. त्यानं काठी घातली नाही, कारण एकदा घातली तेव्हा मी त्याला चारचौघांत बोललो होतो. हेही लिहा."

मॅडमनी लिहिलं. चावी कुणी दिली हेही विचारलं आणि तेही लिहिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "ती फळी काल सकाळीच आली, काका," त्या म्हणाल्या. "स्टोअरमध्ये पडली आहे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही."

जाताना दहाबोट्यांनी ती बघितली. तळहाताएवढी होती.

तिथून ते तडक हॉस्पिटलला गेले, मुलीला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. चावी, दिवा, काठी, काही हातचं राखलं नाही. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"हात बांधताना."

"म्हणजे काल मी यांना बोलत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "आणि तुम्ही माझा हात धरून उभे होतात."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

दहाबोट्यांना मशीनवरून काढलं आणि पॅकिंगला टाकलं. सुपरवायझरची बदली झाली. कारखान्यात त्यांना आता कुणी दहाबोटे म्हणेना. काका म्हणत, तेही जेवढ्यास तेवढं. पॅकिंगमध्ये सगळीकडे तेच मऊ पांढरं लाकूड होतं, ढिगानं. त्यांनी एकही तुकडा घरी आणला नाही. मुलगी आईला भेटायला यायची, ती ते कामावर असताना. ते कुठल्या वेळी घरी नसतात हे तिला चांगलं पाठ होतं.

असे तीन महिने गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी, ते घरात असताना, ती आली. हातात स्टीलचा चमचा होता. तो तिनं त्यांच्यापुढं ठेवला.

"डाव्या हातानं सांडतं. उजव्यात धरता येईल असा दांडा हवाय," ती म्हणाली. बाबा म्हणाली नाही.

"माप लागेल," दहाबोटे हळूच म्हणाले.

"मग चला."

दोन गल्ल्या ते तिच्या मागून चालत गेले. जावयानं बसूनच "या, मामा" म्हटलं आणि हात पुढं केला. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये किती जागा आहे, मूठ किती मिटते, हे दहाबोट्यांनी सुतळीनं मोजलं. त्यांची दहाही बोटं त्या हाताभोवती फिरत होती आणि त्यांना ती कुठं लपवावीत ते कळत नव्हतं. सुतळीला गाठ मारून ते निघणार, तेवढ्यात मुलीनं सुतळी त्यांच्या हातातून घेतली. नवऱ्यापुढं बसली आणि सगळी मापं पुन्हा घेतली, सावकाश, एकेक.

जावई कासावीस झाला. "अगं, मामांनी घेतलंय ना माप."

"तरी," ती म्हणाली.

ती सुतळी परत देणार होती, पण दहाबोट्यांनी हात पुढं केला नाही.

"अजून एकदा बघ," ते म्हणाले.

तिनं अजून एकदा बघितलं.